मेणबत्तीला वळ्या पडतात, वातीशी खड्डा होतो: सहा डिसेंबरच्या आधीची दरवर्षीची कटकट

साच्यातून मेणबत्ती निघते ती अंगावर गांडुळासारख्या आडव्या वळ्या घेऊन. वातीजवळ करंगळी जाईल एवढा खड्डा. बुडाशी देवीच्या व्रणांसारखे टोचे. दसऱ्याच्या आधी केलेल्या मेणबत्त्या चांगल्या निघालेल्या असतात. तेच मेण, तेच साचे, तोच हात, आणि नोव्हेंबर सरत आला की हे सुरू. आमच्या बचत गटात दरवर्षी कोणीतरी रडवेला चेहरा करून टोपलं घेऊन येतं, "ताई, माहं मेणच खोटं निंगालं." मेण शंभरात एखाद्या वेळी खोटं असतं. बाकीच्या वेळी काय असतं ते लिहून ठेवते आहे.

आधी कोणत्या मेणबत्तीबद्दल बोलतेय ते सांगते. आम्ही विहारात लावायची बुटकी मेणबत्ती करतो, बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे काचेच्या छोट्या पेल्यात ठेवायची. उंची दोन इंच, रुंदी दीड इंचाच्या आसपास, एका बाजूला किंचित निमुळती. वजन साधारण 50 ग्रॅम, म्हणजे किलोभर मेणात वीसेक होतात. चर्चमध्ये नवसाची म्हणून लावतात तीही याच घडणीची. लाइट गेल्यावर लावायची काडीसारखी मेणबत्ती वाकडीतिकडी असली तरी कोणी बघत नाही. ही मात्र मूर्तीपुढे बसते आणि वंदना संपेपर्यंत सगळ्यांची नजर तिच्यावरच असते, त्यामुळे तिचं अंग गुळगुळीतच लागतं.

या मेणबत्तीला मागणी येते वर्षातून चार वेळा: 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी आणि 6 डिसेंबर. आमच्या यवतमाळकडचं हवामान डोळ्यापुढे आणा. पहिल्या दोन वेळा पारा 42 ते 45 अंशांत, तिसऱ्या वेळी ऑक्टोबरचा उकाडा, आणि चौथ्या वेळी रात्री अंगावर गोधडी. आम्ही मात्र चारही वेळा एकाच पद्धतीनं मेण ओतत होतो. खरी गोम तिथंच होती, पण ती कळायला मला एक अख्खी रात्र वाया घालवावी लागली.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती, शेतात तूर उभी होती. दिवसभर वेचणी करून बायका रात्री नऊला माझ्या ओसरीत जमल्या. साठ मेणबत्त्यांची ऑर्डर होती. ओतलं, थिजलं, काढलं, तर सगळ्यांच्या अंगावर वळ्या. सासूबाईंनी एक उचलून दिव्यापुढे धरली, "काहून वं, मेणबत्तीले म्हातारीवानी सुरकुत्या कायच्या पडल्या?" तालुक्याच्या ज्या दुकानातून मेण आणलं होतं त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. सगळं पुन्हा वितळवलं, पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. फक्त सहा मेणबत्त्या काचेसारख्या निघाल्या. त्या सहा कुठल्या ते शोधताना लक्षात आलं, की लेकीनं ते सहा साचे मधल्या वेळेत धुऊन, वाळावेत म्हणून चुलीच्या भानवशीवर उपडे ठेवले होते. ते कोमट होते. बाकीचे साचे ओसरीतल्या फरशीवर, डिसेंबरच्या वाऱ्यात. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "साच्याले थंडी वाजून रायली, दुसरं काय!"

आडव्या वळ्या

हिवाळ्यात कढवलेलं तूप गार ताटलीत ओतून पाहा. कडेला टेकलेलं तूप लगेच थिजतं आणि मागून आलेलं त्याच्यावर चढून थांबतं. मेणाचं तसंच. पॅराफिन मेण 58 ते 60 अंशांवर वितळतं. ते 10-12 अंशांच्या धातूला टेकलं की तिथल्या तिथे थिजतं, पुढचा थर त्यावर येऊन थिजतो, आणि जितके थर तितक्या वळ्या. मेण ओतताना हात थांबला, गंजातलं (मेण वितळवायच्या पातेल्यातलं) संपलं म्हणून दुसरा गंज आणायला गेलात, तरी नेमकी त्याच जागी रेघ उमटते.

उपाय दोन, आणि ते दोन्ही एकदमच करायचे. साचे ऊबदार करा. दिवसा काम करत असाल तर तासभर उन्हात पसरून ठेवा. रात्री असेल तर चुलीच्या कडेला, नाहीतर गरम पाण्याच्या परातीत उपडे ठेवून कोरडे पुसून घ्या. साचा हातात धरता आला पाहिजे पण ऊब चांगली जाणवली पाहिजे, म्हणजे साधारण 45 अंश. आणि मेण 75 ते 80 अंशांवर असताना, एका दमात, साच्याच्या मधोमध न घालता एका कडेनं बारीक धारेनं ओता. उंचावरून धार सोडली की हवा आत जाते.

तापमान मोजायला थर्मामीटर घ्याच. ताप बघायचा नाही, तो 42 च्या पुढे जात नाही आणि मेणात बुडवला तर फुटतो. हा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे. स्वयंपाकाचा डिजिटल मिळतो, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा 110 अंशांपर्यंतचा काचेचा. तोपर्यंत डोळ्यांवर काम भागवायचं असेल तर ही खूण लक्षात ठेवा: गंज खाली उतरवल्यावर कडेला पांढरी साय धरू लागली, तर मेण 60 च्या जवळ आलंय. या साच्यासाठी तेवढं गार झालेलं मेण उशिराचं आहे. पुन्हा तापवा.

उलट बाजूही सांगते, कारण हे वाचून कोणी साचे चटका बसेल इतके तापवतील आणि 95 अंशांचं मेण ओततील. वळ्या जातील, पण बारीक बुडबुडे अंगावर बसतील, आणि पुढे सांगते तो खड्डा दुप्पट होईल.

वातीजवळचा खड्डा

हा दोष नव्हे, मेणाचा स्वभाव आहे. पॅराफिन थिजताना दहा ते पंधरा टक्के आक्रसतं. बाहेरून आत थिजत येतं, म्हणून शेवटचं पातळ मेण मध्ये, वातीभोवती उरतं, आणि आक्रसण्याचा सगळा खड्डा तिथं पडतो. कधी खड्डा वरून दिसतच नाही, वर पापुद्रा धरलेला असतो आणि आत पोकळी. अशी मेणबत्ती दिसायला सुंदर, पण जळताना ज्योत एकदम खाली बसते आणि बुडून विझते. वंदनेच्या मधेच.

म्हणून दुसऱ्यांदा ओतणं टाळता येत नाही. पहिल्यांदा ओतल्यावर वर साय धरून ती बोटाला रबरासारखी लागली, की वातीच्या भोवती तीन-चार ठिकाणी सुई खोल टोचा. आम्ही सायकलच्या स्पोकचा तुकडा घासून ठेवला आहे. टोचल्यानं आतली पोकळी वर उघडी होते. साय पुन्हा धरली तर पुन्हा टोचा. मेणबत्ती पूर्ण थिजली, की उरलेलं मेण पहिल्या वेळेपेक्षा पाचेक अंश जास्त गरम करून त्या खड्ड्यात भरा.

इथं बहुतेक जणी चुकतात. दुसरं मेण पहिल्या पातळीच्या केसभर खालीच थांबवायचं. काठोकाठ भरण्याचा मोह होतो, आपल्याला डबा भरायचा तर शीग लावून भरायची सवय. पण थिजलेली मेणबत्ती साच्यापासून किंचित सुटलेली असते. दुसरं मेण काठावरून गेलं की त्या फटीत उतरतं, आणि बाहेरच्या अंगावर पापुद्र्यासारखा थर चिकटतो. तो सोलायला जावं तर चट्टे पडतात. केलेलं सगळं काम त्या एका थेंबानं जातं.

आणखी एक युक्ती. साच्यात वात न ठेवता मधोमध स्पोकचा सरळ तुकडा उभा करायचा, मेण त्याच्याभोवती ओतायचं आणि मेणबत्ती निघाल्यावर तो काढून भोकातून वात ओवायची. वात अगदी मधोमध बसते. वात मात्र आधी मेणात बुडवून, ओढून, सरळ वाळवलेली हवी. कोरड्या सुताच्या पोटात हवा असते. तशीच साच्यात लावली तर ती हवा गरम मेणात बुडबुडे होऊन बाहेर येते.

बुडाचे टोचे

हे पाण्याचं काम. मेण आपण पाण्याच्या परातीत गंज ठेवूनच वितळवतो, आणि तसंच वितळवायचं. पण वाफेचा थेंब गंजात पडतो, झाकणाला लागलेलं पाणी गळतं, डाव धुऊन तसाच ओला घातला जातो. पाणी मेणापेक्षा जड, म्हणून तळाला जाऊन बसतं. परिणाम असा, की पहिल्या पंधरा मेणबत्त्या चांगल्या निघतात आणि शेवटच्या पाचच्या अंगावर टोचे. तुमच्या बिघडलेल्या मेणबत्त्या नेहमी शेवटच्याच असतील तर कारण शोधत बसू नका. गंजाच्या तळाशी दोन बोटं मेण कायम शिल्लक ठेवा, ते थिजवून खालचं पाणी पुसून पुढच्या वेळी वापरा. साचेही आतून खडखडीत कोरडे हवेत.

विहारातलं उरलेलं मेण खरवडून आणून वापरत असाल (आम्ही वापरतो, टाकायचं कशाला), तर त्यात काड्यांचे तुकडे, उदबत्तीची राख, काजळी सगळं असतं. जुन्या सुती कापडातून दोनदा गाळा. आणि नव्या मेणाबरोबर थोडंथोडंच मिसळा, नाहीतर रंग मळकट येतो.

साचा घासू नका

मेणबत्तीच्या प्रत्येक नगावर त्याच जागी तीच रेघ येत असेल तर साच्याच्या आत चरा आहे. आमच्या एका जावेनं साचे लखलखीत करायचे म्हणून तारेची घासणी आणि राख लावून घासले. भांडी चकाकली, मेणबत्त्या कायमच्या बिघडल्या. चिकटलेलं मेण काढायला साचा गरम पाण्यात धरा आणि मऊ कापडानं पुसा. ते पाणी मोरीत ओतू नका, नळी तुंबते. गार होऊ द्या, मेण वर तरंगतं, ते उचलून घ्या.

साच्याला खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावण्याची सवयही मोडा. मेणबत्ती सुटते खरी, पण तेलाचे ओघळ अंगावर उमटतात. त्याऐवजी मेणात स्टिअरिक ॲसिड घाला, किलोला 50 ते 100 ग्रॅम. मेणबत्ती कडक आणि दुधाळ पांढरी होते, जरा जास्त आक्रसते आणि साचा आपोआप सोडते. फक्त ते घातलेलं मेण तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नका. धातूशी ते क्रिया करतं आणि पांढऱ्या मेणबत्तीला हिरवट छटा येते. आजीचा पितळेचा गंज कितीही जाड बुडाचा असला तरी या कामाला नको. स्टील किंवा ॲल्युमिनियम घ्या.

एप्रिल-मे मधल्या तक्रारी वेगळ्या

उन्हाळ्यात वळ्या पडत नाहीत, साचे आधीच गरम असतात. पण मेण थिजता थिजत नाही, साच्याला चिकटून राहतं. मग कोणीतरी घाईला येऊन सगळे साचे कूलरपुढे मांडतं. एका बाजूनं ओला गार वारा, दुसरी बाजू गरम, की मेणबत्ती तडकते किंवा खड्डा एका बाजूला सरकतो. फ्रीजमध्ये ठेवल्यावरही तडेच. पूर्ण थिजलेली मेणबत्ती सुटत नसेल तर पाच-दहा मिनिटं फ्रीज चालेल, त्याआधी नाही. थिजवायला परातीत माठाचं पाणी घ्या आणि साचे त्यात काठाच्या बोटभर खालपर्यंत उभे करा. पाणी आत उडता कामा नये. याचा फायदा असा, की अंगाला चमकही चांगली येते. वेळ म्हणाल तर पहाटे चार ते सात. उन्हाळ्यात दुपारी मेणाचं काम करणं म्हणजे स्वतःला आणि मेणाला दोघांना घाम आणणं.

घामावरून आठवलं. 14 एप्रिलसाठी केलेल्या मेणबत्त्या बुद्धपौर्णिमेला काढल्या की ओशट लागतात, अंगावर थेंब दिसतात. मेणात तेल जास्त असलं की उष्णतेनं ते बाहेर येतं. सेमी रिफाइंड मेण स्वस्त पडतं, पण त्यात तेल जास्त असतं. उन्हाळ्यासाठी फुल्ली रिफाइंड घ्या, त्यात तेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. वास येण्यासाठी अत्तर ओतत असाल तर तेही तेलच आहे. जास्त झालं की पांढुरके चट्टे आणि घाम दोन्ही येतात. विहारात उदबत्ती असतेच, माझ्या मते मेणबत्तीला वास नसलेलाच बरा.

टिनाच्या छताखाली, माळ्यावर, खिडकीत ठेवू नका. कागदात गुंडाळून, आडव्या न ठेवता उभ्या, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे तो माठाच्या बाजूचा.

शहरातल्या भाच्या सोया मेण आणून देतात. त्याच्यावर पांढरं बुरशीसारखं दिसतं ती बुरशी नाही, त्या मेणाचे स्फटिक आहेत, आणि ते पूर्ण घालवता येत नाहीत. शिवाय पेल्यात ओतायचं सोया मेण पन्नासच्या आतच वितळतं. मे महिन्यात टिनाखाली त्याची खीर होते. पेल्यात ओतून हिवाळ्यात लावायला ठीक आहे.

निळ्या मेणबत्त्या

14 एप्रिलला निळ्या हव्यात म्हणून एका वर्षी कपड्यांची नीळ घातली. बुडाशी निळे ठिपके, वर पांढरी मेणबत्ती. पाण्यात मिसळणारा कुठलाही रंग मेणात मिसळत नाही, खायचा रंगसुद्धा नाही. मुलांचे खडू वितळवून घातले तर रंग येतो, पण त्यातली पूड वातीत अडकून ज्योत मरते. तेलात विरघळणारा, मेणबत्तीसाठीचाच रंग आणा, चिमूटभर पुरतो. आणि गडद रंगावर बारीकसा चराही पांढरा दिसतो, हे गृहीत धरून हात चालवा.

शेवटचा हात

एवढं करून किरकोळ रेघा राहिल्याच तर जुन्या नायलॉन साडीचा तुकडा घ्या आणि मेणबत्ती हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासा. सुती कापडानं ती चमक येत नाही. थोड्या जास्त वळ्या असतील तर वातीला धरून 80 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवून काढा, वरचा पापुद्रा वितळून सारखा होतो. लगेच सपाट फरशीवर उभी ठेवा. ज्योतीवर फिरवून गुळगुळीत करायला जाऊ नका, काजळी बसते.

साठवलेल्या मेणबत्त्यांना कापसाची फुई चिकटते, ही तक्रार डिसेंबरचीच. घरात वेचलेला कापूस भरलेला असतो आणि त्याच घरात आपण मेण ओततो. फुई चिकटते हे लहान दुखणं झालं. कापसाच्या खोलीत मेण वितळवायचंच नाही, शेजारच्या खोलीतही नाही. मेण थेट आचेवर ठेवलं आणि 200 अंशांच्या वर गेलं की त्याची वाफ पेट घेते. म्हणून खाली पाण्याची परात असावीच, चुलीच्या जाळापेक्षा गॅस बरा, आणि एक माणूस गंजापाशी कायम बसलेला हवा. पेटलंच तर झाकण टाकून गॅस बंद करा. पाणी टाकलं तर पेटतं मेण भडकून चहूकडे उडतं. आम्ही मेणाचं काम सुरू करताना झाकण आधी हाताशी ठेवतो, गंज नंतर.

इतकं करूनही वीसातल्या दोन-तीन बिघडतात. त्यांची वात ओढून, गाळून पुन्हा गंजात घालतो. सासूबाई त्यातल्या चार न विचारता बाजूला काढतात. रात्रीची लाइट गेली की सुरकुतलेल्या मेणबत्तीच्या उजेडात त्यांची तूर निवडणं चालू असतं.